हातावरचं दही

नोकरीत काय केलंत, असं कुणी विचारलं तर मी सांगते, बावीस वर्षं लहान मुलांच्या हनुवट्या धरल्या. ऐकणारा हसतो. त्याला वाटतं म्हातारी थट्टा करतेय. पण मला पगार खरोखर त्याचाच मिळायचा. बेळगावच्या एका दवाखान्यात मी नर्स होते आणि ऑपरेशनच्या वेळी क्लोरोफॉर्म द्यायचं काम माझ्याकडे होतं. मोठ्या माणसाला कुणीही झोपवत असे. लहान मूल टेबलावर आलं, त्यातून डोक्याचं काम असलं, की मोठे डॉक्टर म्हणायचे, "आक्कांना बोलवा." या दोन शब्दांच्या हाकेचा मला भारी गर्व होता. वॉर्डातून ऑपरेशनच्या खोलीकडे मी जरा मान ताठ करूनच जायची. तो गर्व कसा उतरला तेच आज लिहायचं आहे.

आधी काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तारेची एक छोटी जाळी असायची. तिच्यावर गॉझचे चार पदर ताणायचे, ती नाकातोंडावर धरायची आणि बाटलीतून थेंब थेंब औषध टाकायचं. टाकणं कुणालाही चार दिवसांत जमेल. खरं काम त्याच्या पुढचं. माणूस गुंगीत गेला की अंग सैल पडतं, आणि अंगाबरोबर जीभही. ती मागे घसरते आणि घशाचं दार लावून घेते. मोठ्या माणसाच्या घशात थोडी ऐसपैस जागा असते. लहान मुलाची जीभ तोंडाच्या मानाने मोठी आणि वाट करंगळीएवढी, त्यामुळे दार लागायला वेळ लागत नाही. म्हणून एका हाताची बोटं जबड्याखाली अडकवायची, हनुवटी पुढे उचलायची आणि तशीच धरून ठेवायची. ऑपरेशन अर्धा तास चालो की दोन तास, ती सोडायची नाही.

पोटाचं ऑपरेशन असलं तर डॉक्टर पोटाशी आणि मी डोक्याशी, अशी वाटणी सरळ असते. डोक्याच्या कामात डॉक्टरांनाच डोकं हवं असतं. मग मुलाच्या डोक्यावरून उकळून घेतलेली चादर टाकायची आणि बुटक्या स्टुलावर बसून मी त्या चादरीच्या आत. वर डॉक्टर कवटीला भोक पाडताहेत आणि खाली एवढ्याशा अंधारात मी आणि ते मूल, दोघंच. ओठांचा रंग नीट दिसत नाही, डोळे उघडून बघता येत नाहीत. जबड्याच्या कडेला बोटाखाली नाडी लागते, तेवढी एक सोबत. बाकी सगळा कानांचा कारभार. श्वास मोकळा असला की नुसती हवा वाजते. जीभ घसरायला लागली की घोरणं सुरू होतं. आणि काहीच ऐकू आलं नाही की समजायचं, दार लागलं.

त्यात आणखी एक गंमत असते. गंमत आता म्हणते, तेव्हा घाम फुटायचा. श्वास अडला की मूल जोर करतं, डोक्यात रक्त तुंबतं आणि वर उघडा पडलेला मेंदू जखमेतून फुगायला लागतो. डॉक्टर वरून एवढंच म्हणायचे, "आक्का, फुगतोय." म्हणजे चूक खाली माझ्या बोटांत. मी हनुवटी केसभर पुढे घ्यायची, श्वास मोकळा व्हायचा आणि वर मेंदू हळूहळू खाली बसायचा. मला तो कधी दिसला नाही. बावीस वर्षांत मी एकदाही मेंदू पाहिलेला नाही, पण तो फुगायचा आणि बसायचा माझ्या बोटांवर.

हे कान मला आप्पांकडून मिळाले. माझे वडील वडगावचे विणकर. आमच्या घरात दोन हातमाग होते आणि त्यांच्या आवाजात आम्ही भावंडं जेवलो, झोपलो, भांडलो. आप्पा दाराकडे तोंड करून कुणाशी बोलत बसलेले असायचे आणि बोलता बोलता आईला सांगायचे, "धागा तुटलाय बघ." आई मागावर बसलेली असून तिला दिसलेलं नसायचं. त्यांना ते मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याच्या आवाजात कळायचं. लग्नानंतर तीन वर्षांत मी विधवा होऊन परत आले, तेव्हा नातेवाईक नको नको म्हणत असताना आप्पांनीच मला नर्सचं शिक्षण घ्यायला पाठवलं. त्यांना माझं काम शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा मी समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे मागच की गं. धागा तुटू द्यायचा न्हाय."

आलेल्या माणसांचे नमुने लिहायचे तर पानं पुरणार नाहीत. एकच सांगते. खानापूरचे एक लाकडाचे व्यापारी होते. त्यांचा मुलगा झाडावरून पडून कवटीचं हाड आत दबलं होतं. गृहस्थ अडून बसले, "मी पोराचा हात धरून उभारणार. वाघ बघिटलाय मी जंगलात, मला काय भ्या दाखवताय?" शेवटी पोर झोपेपर्यंत थांबा म्हणून त्यांना आत घेतलं. पोर गुंगीत गेलं, जीभ मागे घसरून एक मोठं घोरणं आलं, मी हनुवटी उचलली, आणि मागे धाडकन आवाज झाला. वाघ बघितलेले गृहस्थ जमिनीवर आडवे. त्या दिवशी एक पेशंट टेबलावर आणि एक टेबलाखाली होता. चार दिवसांनी पोरगा शुद्धीत गप्पा मारायला लागला तेव्हा त्याने पहिली चौकशी केली ती बापाच्या कपाळावरच्या टेंगळाची.

आता मुद्द्याचं. क्लोरोफॉर्म देताना पोट रिकामं लागतं. पोटात काही असलं आणि गुंगीत उलटी झाली, तर ती बाहेर न येता श्वासाच्या वाटेत उतरते. त्यामुळे सकाळच्या ऑपरेशनला मुलाला रात्रीपासून काही द्यायचं नाही, हे आम्ही आयांना दहादा बजावायचो. पण आईला विचारून खरं कळत नाही, हे मला फार लवकर समजलं होतं. पांढऱ्या कपड्यातल्या बाईने विचारलं, "काही दिलं का?" की आई घाबरून "न्हाय ओ" म्हणणारच. मग मी मुलालाच विचारायची. "काय रे, सकाळी आईनं काय दिलं?" की पोरगं लगेच सांगायचं, लाडू दिला, किंवा चहात बुडवून भाकरी दिली. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर जायचं. ही माझी युक्ती सगळ्या दवाखान्याला माहीत होती.

फक्त जैन घरातल्या मुलांना मी विचारत नसे. निपाणी, चिकोडीकडून पुष्कळ जैन शेतकरी कुटुंबं यायची. दिवस मावळला की त्यांच्याकडे चूल बंद, काही घरांत पाणीसुद्धा नाही. आजारी मूल असलं तरी आजी नियम मोडू देत नसे. सकाळी लवकर टेबलावर घेतलं की पोट रिकामं असणारच. मला त्यांची भाषा येते, रीत माहीत आहे, मी काय विचारायचं, असा माझा शहाणपणा.

दुसऱ्या महायुद्धाची, लढाईची वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं आणि प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. कोगनोळीच्या रत्नाबाई, ह्याही जैन घरातल्याच, तशा मोटारीतून सहा वर्षांच्या सुमतीला मांडीवर घेऊन आल्या. चढ आला की सगळे उतरून चालत, ह्या एकट्या पोरीला घेऊन आत. सुमतीचा उजवा कान वर्षभर फुटत होता. घरच्यांनी तेल घातलं, लसूण घातला. आता कानातला पू हाडातून मेंदूत शिरला होता. पोर दिवसभर झोपेत असायची, उठली की डोकं धरून रडायची आणि ओकायची. आठ दिवस तिच्या पोटात अन्न टिकलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उद्या सकाळीच पू काढायला हवा, नाहीतर पोर हाती लागणार नाही.

सकाळी वॉर्डातल्या नर्सने रत्नाबाईंना विचारलं, "खायला काही दिलं नाही ना?" त्यांनी नाही म्हणून सांगितलं. मी सुमतीला उचलून आत नेलं. अंगावर हाडंच होती. टेबलावर ठेवून मी जाळी तिच्या नाकाशी आणली आणि नेहमीसारखं सांगितलं, "गोडसर वास येईल, गरगरल्यासारखं होईल, मी इथंच आहे." तिने डोळे अर्धवट उघडले आणि अगदी स्पष्ट म्हणाली, "दही गोड हुतं."

गुंगीत जाताना मुलं काय वाटेल ते बोलतात. बैलाला हाक मारतात, पाढे म्हणतात, कुणाला शिव्याही घालतात. मी ते ऐकलं आणि पुढचा थेंब टाकला.

डॉक्टरांनी हाड उघडलं, सुई आत घातली. चादरीखाली सगळं ठीक चाललं होतं. मग श्वासाच्या आवाजात कुठेतरी पाणी आल्यासारखं वाजलं. त्याच क्षणी क्लोरोफॉर्मच्या वासातून दुसरा वास आला, आंबूस. 

"थांबा," मी म्हणाले.

"आक्का, सुई आत आहे. दोन मिनिटं."

"दोन मिनिटं नाहीत तिच्याकडे."

मोठ्या डॉक्टरांना असं कुणी बोलत नसे. पण माणूस खरा होता. त्यांनी सुई काढली, जखमेवर ओलं फडकं दाबून धरलं आणि म्हणाले, "घ्या." मी उकळलेली चादर ओढून फेकली, टेबलाची डोक्याकडची बाजू खाली करायला लावली, तिला कुशीवर वळवलं आणि तोंडात बोट घातलं. बोटाला दही लागलं. घशात खोल होतं ते निघेना, तेव्हा रबराची नळी आत घालून मी दुसरं टोक माझ्या तोंडात धरलं आणि ओढून घेतलं, थुंकलं, पुन्हा ओढलं. पोर निळी पडली होती. नाडी बोटाखाली मंद झाली होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग एक खोकला आला आणि त्याच्यामागून श्वास. तसला घाणेरडा, घरघरणारा श्वास मला कधी इतका गोड वाटला नव्हता. डॉक्टरांनी नवी चादर घालून पू काढला आणि टाके घातले. 

पण थोडं दही छातीत उतरलेलंच होतं. संध्याकाळपर्यंत ताप चढला आणि छाती वाजायला लागली. वॉर्डातल्या नर्सने रत्नाबाईंना सगळ्यांसमोर झाडलं, "खायला दिलं नाही म्हणालात आणि पोटभर दही चारलंत! मारली असतीत पोरीला."

रत्नाबाई गोंधळून म्हणाल्या, "खायाला कुठं दिलं ओ? दही तर शकुनाचं हुतं की."

त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आपल्याकडे महत्त्वाच्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही घालतात. त्याला कुणी खाणं म्हणत नाही. दिवस उगवल्यावर त्यांनी पोरीच्या तळहातावर चमचाभर दहीसाखर घातली, तिने चाटली आणि म्हणाली, आणखी दे. "आठ दिसांत पयल्यांदा कायतरी मागिटलं हो तिनं," त्या रडवेल्या होऊन सांगत होत्या. "मी न्हाय कशी म्हणू? वाटीभर खाल्ली. मला वाटलं, आता बरी हुती."

मी तिथेच उभी होते. पोरीने मला दह्याचं सांगितलं होतं, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दोन दिवस मी गप्प राहिले. सगळा वॉर्ड त्या बाईकडे बोट दाखवत होता आणि माझ्याकडे बघून म्हणत होता, आक्का होत्या म्हणून पोर वाचली. रत्नाबाईंनी अन्न सोडलं होतं. नुसतं पाणी, तेही दिवसाउजेडी. खाटेशी बसून त्या पोरीची छाती वरखाली होताना बघत असायच्या. मी छातीतल्या पुवावरच्या सल्फाच्या गोळ्या कुटून द्यायची, पोरीची कूस बदलून पाठ थोपटायची आणि त्यांच्याकडे न बघता निघून जायची. आयुष्यात मला इतकी लाज कशाचीच वाटलेली नाही, ऑपरेशनमधल्या चुकीचीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी ताप जरा उतरला. मी त्यांच्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "रत्नाबाई, चूक तुमची नाही. पोरीला विचारायचं काम माझं. मी विचारलं नाही. आणि तिनं न विचारता सांगितलं. दही गोड हुतं, म्हणाली मला. मी ऐकलं आणि तरी औषध टाकलं."

त्या माझ्याकडे वळल्या. आता मला बोलतील, अंगावर येतील, असं मला वाटलं, आणि त्यांनी तसं करावं असंही वाटत होतं. पण त्यांनी हळूच विचारलं, "गोड हुतं म्हटली व्हय?"

"होय."

"आनि काय म्हटली?"

"एवढंच."

तेव्हा त्या पदर तोंडात धरून रडल्या. त्या दिवशी मी माझ्या डब्यातली भाकरी त्यांच्यासमोर ठेवली आणि दिवस मावळायच्या आत त्यांनी ती खाल्ली. मोठ्या डॉक्टरांनाही मी जाऊन सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग यापुढे सगळ्यांना विचारा." मोठं बोलणं त्यांना जमतच नसे.

छाती सुधारली, पण दहा-बारा दिवसांत डोकेदुखी परत आली. मेंदूतल्या अशा गळवात पू पुन्हा साठतो. तेव्हा त्याला दुसरा इलाज नव्हता, परत उघडायचं. मी सांगायला गेले तर रत्नाबाईंना आधीच कळलं होतं.

त्या सकाळी सुमतीला न्यायला आले तर त्या वॉर्डाच्या दारात पितळेची वाटी घेऊन उभ्या. वाटीत दही.  "घालावं तर भ्या वाटतंय," त्या म्हणाल्या, "आनि न्हाय घालावं तरबी भ्या वाटतंय. तशीच कोरडी कशी पाठवू ओ आक्का? परत यायाची हाय तिनं."

  मी तळहात पसरला. "माझ्या हातावर घाला."

"तुमच्या? जाणार तर ती."

"ती नुसती झोपणार आहे. कामाला मी जाणार."

 मग त्यांनी चमच्याने माझ्या तळहातावर दही घातलं, वर चिमूटभर साखर. मी चाटून खाल्लं. खाटेवरून सुमती डोळे मोठे करून बघत होती. मी हात कोपरापर्यंत धुतले आणि तिच्याकडे वाकून विचारलं, "सुमती, सकाळपासून तोंडात काय काय गेलं?"

"कायबी न्हाय," ती रुसून म्हणाली. "माझं दही तू खाल्लीस."

चादरीखाली तास-सव्वा तास गेला. माझ्या जिभेवर दह्याचा आंबटपणा होता आणि बोटांखाली तिची हनुवटी. श्वासात नुसती हवा वाजत होती, एकसारखी. बोटं आखडून बधिर झाली तरी मी हात बदलला नाही. वरून डॉक्टर एकदाही "फुगतोय" म्हणाले नाहीत. दुपारी ती पुरती शुद्धीवर आली आणि पहिलं काय मागितलं असेल, ते सांगायला नको. डॉक्टरांनी ते तिला दुसऱ्या दिवशी मिळू दिलं.

ही गोष्ट वॉर्डातून बाहेर गेली, आणि मग रीतच पडली. आया वाट्या घेऊन दारात थांबायच्या. ज्यांच्याकडे दही नसे त्या साखर घालायच्या, एका कंग्राळीच्या बाईने गूळ घातला होता. मी सगळ्यांच्या मुलांना विचारायची, कुठल्याही जातीधर्माची असोत, आणि सगळ्या आयांचं दही खायची. एक मात्र लिहायलाच हवं. सगळी मुलं परत आली नाहीत. काहींच्या आयांना मी रिकाम्या हातांनी बाहेर येऊन सामोरी गेले, आणि त्याच हातावर सकाळी त्यांनी दही घातलेलं होतं. त्यातल्या एकीनेही मला ते बोलून दाखवलं नाही. 

गेल्या वैशाखात माझ्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. आता सगळं बदललं आहे. सिलिंडर असतात, यंत्र असतं, श्वासाच्या नळीतच सरळ रबरी नळी घालतात. झोपवणारी डॉक्टर म्हणजे कोवळी पोर, मला नात शोभावी अशी. तिने विचारलं, "आजी, सकाळपासून काही खाल्लं का?" मी नाही म्हणाले. ती तेवढ्यावर थांबली नाही. "पाणी? चहा? तीर्थ, प्रसाद, अंगारा?" मला पोर एकदम आवडली.

दारात सुमती उभी होती. कोगनोळीहून पहिल्या मोटारीने आली होती. आता दोन मुलांची आई आहे. उजव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मान जरा वळवून बोलते आणि केसांखाली कानामागचा खळगा दिसतो. हातात झाकणाचा डबा होता. माझ्या खाटेकडे न येता ती त्या डॉक्टर पोरीसमोर जाऊन उभी राहिली.

"आक्काला तुम्हीच झोपवणार व्हय?"

"हो."

"मग हात पुढं करा बाई."

पोरगी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "खा," मी म्हणाले, "आणि मग हात धुऊन घे." तिने खाल्लं, साखरेसकट. हात धुऊन आली आणि माझ्या डोक्याशी उभी राहिली. मुखवटा जवळ आला तशी तिची गार बोटं माझ्या जबड्याखाली लागली. मी डोळे मिटले आणि माझी हनुवटी तिच्या हातात दिली.